शरयूताई, तुमच्या गोष्टी मी फेकल्या

अन्याय झाला आहे. कोणावर: शरयूताई, तुमच्यावर. कधी: गेल्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. कुठे: द हेगजवळच्या लायडस्खेनडाममध्ये, तुमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर, जुन्या कागदांसाठी जमिनीत पुरलेली ती टाकी आहे तिथे. काय झालं: तुम्ही मराठीत आणलेल्या जुन्या जपानी गोष्टी, झाडातून पलीकडच्या जगात जाणाऱ्या माणसांच्या, पाच खोकी भरून, त्या टाकीत गेल्या. कोणी टाकल्या: मी.

पत्रक असंच सुरू करायचं असतं, मला तसंच शिकवलं आहे. तुम्हाला ही पद्धत कधीच पटली नाही. "अगं, पहिल्या ओळीत सगळं सांगून टाकलंस तर माणूस दुसरी का वाचेल?" मी म्हणायचे, ताई, ट्रॅम येईपर्यंत माणसाकडे एकाच ओळीपुरता वेळ असतो. तर ही झाली पहिली ओळ. दुसरी अशी की चूक माझी आहे, पण सगळी माझी नाही. थोडी तुमची आहे. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले नाहीत आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. लोक म्हणतील, या मुलीला काही आहे की नाही. म्हणू देत. तुम्ही असतात तर चहा टाकला असतात आणि म्हणाला असतात, "हं, बोल. आज कोणावर?"

आज तुमच्यावर.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. द हेगच्या ट्रॅम थांब्यावर मी पत्रकं वाटत होते. तुमच्या घरामागच्या चराकाठचे सात जुने विलो एका कंपनीला गाड्या लावायच्या जागेसाठी तोडायचे होते, आणि डेल्फ्टमध्ये पाण्याचं शास्त्र शिकायला आलेली मी, अभ्यास सोडून त्यात पडले होते. पुण्यात रस्ता रुंदीकरणाच्या वेळी वडांसाठी पत्रकं लिहिली होती, तोच हात इथे चालवत होते. वारा सुटला. अर्धा गठ्ठा रुळांवर उडाला. मी ओरडले, "आयला!" आणि लगेच आजूबाजूच्यांना "सॉरी."

मागून आवाज आला, "पुण्याची ना गं तू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"शिवी देऊन माफी मागितलीस."

तुम्ही वाकून चार कागद उचललेत, एक वाचलात. डचमधलं पत्रक, एका बाजूला छापलेलं, मागे कोरं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "यात झाडाचं नावच नाही. सात झाडं जाणार, एवढं सावलीचं नुकसान, एवढं पाणी मुरणार नाही. पण कुठली झाडं? त्यातल्या एकाच्या पोटात मी स्वतः बसून आले आहे."

मला वाटलं, बाई जरा हलल्या आहेत. मग घरी नेलंत, उपीट खायला घातलंत आणि कळलं की खरंच बसला होतात. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा चुलतभाऊ. इथे दर काही वर्षांनी त्यांची डोकी छाटतात, त्यामुळे बुंधे जाड होत जातात आणि आतून पोकळ. सगळ्यात म्हाताऱ्या विलोच्या पोकळीत एक माणूस अंग चोरून मावतो. साठी उलटलेली, पुण्यात पंचवीस वर्षं इंजिनियरांना जपानी शिकवलेली बाई, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली, दुपारी झाडात जाऊन बसते! का, तर वाक्य नीट जमत नव्हतं. "आत अंधार कसा असतो ते बघायला गेले होते. लिहिलं होतं, गडद. पण गडद नसतो गं, तपकिरी असतो."

मी तुम्हाला ताई म्हणायला लागले आणि तुमच्या यजमानांना काका. हे नातं कसं लागतं ते माझ्या डच मैत्रिणींना मी आजतागायत समजावू शकलेले नाही.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही चाळीस वर्षं या गोष्टी गोळा करत होतात. मला भुताखेतांत रस नव्हता, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही सोडता थोडंच. "आपल्याकडे झाडावर कोणीतरी राहतं," तुम्ही म्हणालात, "पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ. खालून जाणाऱ्याच्या मानगुटीवर बसणार. म्हणजे झाड हे त्यांचं बिऱ्हाड. तिकडेही राहणारे असतात, पण मला ज्या गोष्टी ओढतात त्यांत झाडातून वाट जाते. पावसात आडोशाला एक म्हातारा पोकळ बुंध्यात शिरतो, डोळे उघडतो तर समोर राक्षसांची पंगत बसलेली. समुद्राच्या तळाशी राजवाड्याच्या दारात विहीर, विहिरीवर झाड, झाडावर चढून बसलेला पाहुणा. दासी पाणी भरायला येते आणि तिला घागरीत त्याचं तोंड दिसतं. ते जग लांब कुठे नाहीच मुळी. गावाच्या टोकाच्या झाडात आहे. मग ते झाड तोडायचं म्हणजे काय, कळतंय का तुला?"

"मला कळतंय. परवानगी देणाऱ्या साहेबाला नाही कळणार."

"तू सांगितलंस का त्याला?"

हरकतीच्या अर्जात लिहू का, की मायबाप, हे झाड परलोकाचा दरवाजा आहे, सबब तोडू नये?

"लिही की," तुम्ही म्हणालात. "त्यांनी काही तरी नवीन वाचलं असं होईल."

मी नाही लिहिलं. तुमचं दीड पान मी कापलं आणि त्या जागी मुळांची खोली लिहिली. तुम्ही अर्ज वाचून फक्त "स्वच्छ झालंय" म्हणालात. तुमच्या तोंडचं हे वाईटात वाईट मत होतं, हे मला नंतर कळलं.

मग ती दोरी. मी परीक्षेत गुंतलेली आणि इकडे तुम्ही बागेच्या दुकानातून सुतळीसारखं काहीतरी आणून, तीन दिवस वळून, जाडजूड दोर केलात. त्याला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लावल्यात आणि म्हाताऱ्या विलोला बांधून टाकलात. जपानात बांधतात तसा, इथून पुढे दुसऱ्या कोणाची तरी हद्द आहे हे सांगणारा. मी सायकलवरून उतरले ती ओरडतच. "ताई, आपली हरकत तांत्रिक आहे! आणि तुम्ही झाडाची मुंज लावताय?"

"मुंजीत भिक्षा तरी मिळते. तुझ्या पत्रकाला काय मिळालं?"

समोरून कुत्र्याला घेऊन शेजारचे ते उंच आजोबा आले. माझ्या पत्रकावर दोनदा सही नाकारलेले. त्यांनी विचारलं, हे काय? तुम्ही तुमच्या मोडक्या डचमध्ये सांगितलंत, दार आहे. आजोबांनी कुत्र्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि बुंध्यावर बोटांनी टकटक केलं. दुसऱ्या दिवशी सही केली. तुम्ही तो कागद माझ्यापुढे असा काही नाचवलात की विचारू नका.

"एक सही, ताई. एक!"

"माझी एक. तुझ्या या गल्लीत किती?"

एकही नव्हती. ठीक आहे? लिहिलं इथे. छापून येऊ दे.

आणि कुऱ्हाडीवरून झालेलं भांडण तर अर्धंच राहिलं. तुम्ही सांगितलंत, तिकडचे लाकूडतोडे झाड तोडायच्या आदल्या दिवशी कुऱ्हाड बुंध्याला टेकवून घरी जायचे. सकाळी ती पडलेली दिसली तर झाड नाही म्हणतंय, तोडायचं नाही.

"आणि उभी असली तर?"

"तर तोडायचं."

"म्हणजे शेवटी तोडायचंच ना! मग उपयोग काय?"

"अगं, विचारलं ना पण. तुझी ती कंपनी विचारते का? आणि तू तरी विचारतेस का?"

"मी कोणाला काय विचारायचं?"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला आणि तुम्ही उठलात. तुमच्या त्या वाक्याचा अर्थ मी या आठवड्यापर्यंत लावला नव्हता. आता लावते आहे आणि संताप संताप होतो आहे, कारण उत्तर द्यायला समोर कोणी नाही.

मार्चमध्ये आम्ही विलोंखाली सभा ठेवली होती. मी पाच खोकी पत्रकं छापून घेतली. वर दिवस, वेळ, जागा, खाली मोठ्या अक्षरात: या. सगळी एका बाजूला छापलेली, कारण दोन्ही बाजूंना छापली तर उन्हात मागची अक्षरं पुढे दिसतात आणि माणूस वाचत नाही. आणि सभेच्या आधीच टाळेबंदी आली. सभा रद्द. पत्रकांवर तारीख, म्हणजे पत्रकं मेली. माझ्या डेल्फ्टच्या खोलीत माझे पायच मावत नाहीत, खोकी कुठे ठेवणार? तुम्ही म्हणालात, आमच्या शेडमध्ये टाक.

पुढे एकदा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझे कागद मी वापरते आहे हं."

"वापरा," मी म्हणाले. मला वाटलं, वाणसामानाची यादी.

इथे तुमची चूक, ताई. एक वाक्य जास्त बोलला असतात तर? "मी त्यावर चाळीस वर्षांचं काम उतरवते आहे," एवढं? तुम्ही पानंच्या पानं बोलायचात, दोरी कशी वळायची यावर अर्धा तास बोललात, आणि हे एवढं पोटात ठेवलंत? का, ते मला माहीत आहे. त्याआधी एकदा मी तुम्हाला धारेवर धरलं होतं, पुस्तक का काढत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, "झाडांच्या गोष्टी छापायला झाडं तोडायची का?" मी म्हणाले, ही पळवाट आहे. तुम्ही म्हणालात, "असेल. पण तुझी पाच खोकी कुठल्या झाडाची?" म्हणजे तुम्ही गपचूप माझं पाप फेडत बसला होतात. माझ्या मेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर, शिसपेन्सिलीने, एकेक गोष्ट पक्की करून. आणि "मी जिंकले" अशा थाटात मला सांगायचं नाही, असाही तुमचा हट्ट.

त्याच वसंतात मी आजारी पडले. साधंच होतं, पण खोलीतून बाहेर यायचं नाही. एका दुपारी खालून हाका. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहते तर तुम्ही, बॅटरीच्या सायकलवर लायडस्खेनडामहून डेल्फ्टपर्यंत आलेल्या, मफलर नाकापर्यंत, हातात डबा.

"तोंडाला चव आहे का?"

"नाही!"

"बरं झालं. खिचडी खाली लागली आहे."

आमच्या घरातला एक डच मुलगा डबा वर घेऊन आला. तुम्ही फुटपाथवर उभ्या राहून मला तासभर झापलंत, सिगारेट कमी कर, आईला फोन कर, आणि मधेच कुठली तरी देवदाराची गोष्ट. त्या वर्षभरात माझ्याशी कोणी इतक्या मोठ्या आवाजात मराठी बोललं नाही. मी खिडकीत रडत होते. तुम्हाला वाटलं, खिचडीमुळे. तसंच वाटू द्यायचं मी ठरवलं. आभार मानायचे राहिले ते तिथेच.

विलोंचं काय झालं, ते तुम्ही जाण्याआधी कळलं तुम्हाला, एवढं एक बरं. कंपनीने साथीमुळे सगळं पुढे ढकललं. झाडं उभी आहेत. माझ्या पत्रकाने वाचली नाहीत आणि तुमच्या दोरीनेही नाहीत. "बघ," तुम्ही म्हणालात, "तिसऱ्याच कोणीतरी टाळं लावलं." मला हसू आलं नाही. तुम्हाला खोकला आला. जानेवारी होता.

पुढचं मी लिहीत नाही. दवाखान्यात कोणाला सोडत नव्हते, काका स्वतः घरात कोंडलेले, आणि मी फोनकडे बघत बसलेली. हे सगळ्यांचंच होतं आहे या वर्षी, तुमचं वेगळं काही नाही.

वेगळं झालं ते अंत्यविधीला. मोजकी माणसं आत, बाकी आम्ही पडद्यावर. काकांच्या ऑफिसातल्या एका जुन्या स्नेह्यांनी दोन शब्द वाचले. प्रेमळ पत्नी. उत्तम सुगरण. सदा हसतमुख. आणि त्यांना जपानी भाषेचा छंद होता.

छंद!

सुगरण हे मी सोडून देते, गेलेल्या माणसाबद्दल थोडं खोटं चालतं. पण छंद? चाळीस वर्षं रोज चार तास जो करतो त्याच्या कामाला काम म्हणतात. पुरुषाने केलं असतं तर व्यासंग म्हणाले असते. मी पडद्यासमोर ओरडले, पण माझा आवाज तिकडे जात नव्हता, सोयच नव्हती ती. त्याच क्षणी मी ठरवलं की ताईंचं पुस्तक मी काढणार. कागद कुठे आहेत ते काकांना विचारू, जरा दिवस जाऊ देत.

आणि मग तो शनिवार.

काका म्हणाले, "मुक्ता, शेडमध्ये सायकल आत घ्यायची आहे तिची. तुझी खोकी तेवढी बघतेस?" माझी खोकी. मी उघडली. वर माझी पत्रकं, रद्द झालेली तारीख, खाली मोठ्या अक्षरात, या. माझ्या अपयशाचे पाच डबे. मला ते डोळ्यांपुढे नको होते. काकांच्या हातगाडीवर घालून कोपऱ्यावर नेले. टाकीचं तोंड अरुंद असतं, खोकं जात नाही, मूठ मूठ करून घालावं लागतं. वरचे कागद संपल्यावर खाली गठ्ठे लागले, लोकरीच्या धाग्याने बांधलेले. प्रत्येक गठ्ठ्यावर छापील बाजू वर, लिहिलेली खाली, कारण तुम्हाला धुळीची भीती. उरलेली पत्रकं लोकरीने कोण बांधतं? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी अर्धा तास उभी राहून तुमच्या गोष्टी एकेक करून आत सारल्या, आणि एकही कागद उलटा करून पाहिला नाही. मनात म्हणत होते, चला, एक काम झालं.

मंगळवारी काकांकडे चहाला गेले. फ्रिजवर चुंबकाखाली माझं एक पत्रक. मी म्हटलं, हे कशाला ठेवलंत?

"ते उलटं लागलंय वाटतं. मागे तिची गोष्ट आहे ना. शेवटचं पान. बाकीचं शेडमध्ये आहे, तुझ्या खोक्यांत."

 काका बोलतच होते, की शेडमधलं सगळं वाचायला काढायचं आहे, एकटं धीर होत नाही, तू येशील का रविवारी. मी कप बशीत ठेवला आणि सांगितलं.  काका म्हणाले, "साखर घातली का तू?" आणि आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

नगरपालिकेत फोन लावला. पलीकडच्या बाई फार चांगल्या वागल्या. टाकी सोमवारी रिकामी झाली, कागद लगद्याला गेला, आता काही करता येणार नाही. "यामर," त्या म्हणाल्या, म्हणजे अरेरे. या देशात ट्रॅम चुकली तरी यामर, चाळीस गोष्टी लगद्यात गेल्या तरी यामर. त्यांना काय दोष देऊ, मराठीत तरी याला कुठला शब्द आहे? एव्हाना तुमच्या राक्षसांच्या पंगतीचे अंडी ठेवायची खोकी झाली असतील. तुम्ही हे ऐकून हसला असतात. म्हणूनच जास्त राग येतो.

तुमच्या जुन्या वह्या? त्या मला काकांनी दाखवल्या. अर्धं जपानी, अर्धं मराठी, बाण, काट्याकुट्या, ओळीवर ओळ. जपानी येणारा माणूस त्या उलगडायला बसला तर कच्चा माल मिळेल. तुमची वाक्यं मिळणार नाहीत.

पण काकांनी एक सांगितलं. मोठ्याने वाचल्याशिवाय तुम्हाला वाक्य पटायचं नाही. टाळेबंदीत ऐकायला कोणी येईना, तेव्हा पक्की झालेली प्रत्येक गोष्ट तुम्ही फोनवर वाचून, रेकॉर्ड करून एकेकाला पाठवत होतात. प्रत्येक गोष्ट एकाच माणसाला. "सगळ्यांना पाठवली की कोणीच ऐकत नाही," असं म्हणायचात म्हणे. कोणाला कुठली, ते तुम्ही ठरवायचात. कोणाकडे बाळ झालंय, कोण खोलीत एकटं आहे, कोणाची आई मायदेशी वारली आणि जाता आलं नाही. तुमच्या स्वतःच्या फोनवर काही उरलेलं नाही, आम्ही पाहिलं. जागा भरली की पाठवलेलं सगळं पुसायचात तुम्ही. घराची झाडलोट नाही, पण फोनची दर रविवारी.

मलाही एक आली होती. नोव्हेंबरात. अकरा मिनिटांची. मी पाऊण मिनिट ऐकली, घाईत होते, अंगठा पाठवला आणि विसरले. ती अजून आहे. मंगळवारी घरी येऊन ऐकली.

एका बाईची आई मेली आहे. माहेर लांब, ती वेळेवर पोचली नाही. परतीच्या वाटेवर कापराचं जुनं झाड, पोकळ. ती आत शिरते आणि पलीकडे निघते तर तेच गाव, तीच विहीर, आणि ओसरीत आई टेंभुर्ण्या सोलून दोरीला लावते आहे. नियम असा की इकडून गेलेल्याने तोंड उघडलं तर परत यायचं नाही. बाईच्या पोटात रागाचा डोंगर. मला त्या घरात का दिलंस, निरोप का उशिरा धाडलास. ती एक शब्द बोलत नाही. आईच्या शेजारी बसते आणि दिवसभर फळं सोलते. आई एकदा तिच्या हातातली सुरी घेते, नीट कशी धरायची ते दाखवते, परत देते. संध्याकाळी बाई झाडातून बाहेर येते. हात चिकट आहेत, ती ते धूत नाही.

मी त्या बाईच्या जागी असते तर बोलले असते, ताई. पहिल्या मिनिटाला. मग राहिले असते तिकडेच. तुम्हाला हे माहीत होतं आणि म्हणून ही गोष्ट मला पाठवलीत का, की माझी आई दोन वर्षं भेटलेली नाही म्हणून? विचारायचं होतं. गोष्ट संपल्यावर तुम्ही थांबता, खोकता, आणि म्हणता, "पर्सिमनला मी टेंभुर्णी केलंय. त्याच घरातलं फळ आहे. चालेल ना गं? आणि सुरीचं वाक्य खडबडीत वाटतं का? सांग." मग तीन सेकंद काहीच नाही. तुम्ही माझ्या उत्तराची वाट बघता आहात, रेकॉर्डिंगमध्ये!

टेंभुर्णी चालेल, ताई. सुरीच्या वाक्याला हात लावू नका.

आता जरा थांबा, मला वाचणाऱ्यांशी बोलायचं आहे.

तुमच्याशी. आपल्या इथल्या मराठी मंडळाचा हा अंक फोनवर उघडून बसला आहात त्या तुमच्याशी. डेल्फ्टच्या खोल्यांमधल्या मुलामुलींनो, फोरबर्गमधल्या नव्या आयांनो, या हिवाळ्यात ज्यांच्या घरी कोणी आजारी होतं ते सगळे. मी पाच दिवस ओळखीच्यांना विचारते आहे. तीन गोष्टी सापडल्या. एकाने फोन बदलला, त्याची गेली. एकीने जागा करायला पुसली, ती काल माझ्याशी बोलताना रडली. पुस्तकाचं पुढे बघू. आत्ता या गोष्टी जगात फक्त तुमच्या फोनमध्ये आहेत, लग्नाच्या फोटोंच्या आणि विनोदांच्या ढिगाखाली, आणि दर आठवड्याला कोणीतरी जागा करतं आहे.

म्हणून हे वाचून हळहळू नका. मला सांत्वनाचे निरोप पाठवू नका. आत्ता, बसल्या जागी, शरयूताईंचं नाव शोधा आणि मागच्या मार्चपर्यंत मागे जा. सापडलं तर शेवटपर्यंत ऐका, मग कागद पेन घ्या आणि त्या बोलल्या तसं, खोकल्यासकट, अडखळण्यासकट, लिहून काढा. त्यांनी तुम्हाला काही विचारलं असेल तर तेही लिहा आणि खाली तुमचं उत्तर लिहा. पुसलं गेलं असेल तर आठवेल तेवढं लिहा. रविवारी अकरा वाजल्यापासून मी सायकलवरून दारोदार येणार आहे. आत येणार नाही. बेल वाजली की कागद घेऊन बाहेर या.